नळीत अडकलेली गोळी

माझ्या मुलाच्या हातातलं पिस्तूल फुटलं तेव्हा मी नेमबाजीच्या क्लबात त्याची स्पर्धा बघत काचेमागे बसले होते. पंच "स्टॉप" म्हणून ओरडला होता. आधीचा बार इतका फुसका वाजला की गोळी नळीतच राहिली हे कुणालाही कळलं असतं. या पठ्ठ्याने ते काडतूस झटकून टाकलं, दुसरं चढवलं आणि घोडा ओढला, कारण घड्याळ चालू होतं.

त्या स्पर्धेत जोरदार गोळीला जास्त गुण असतात. म्हणून जास्त दारू मावेल अशी लांब काडतुसं मुद्दाम बनवलेली. सिंगापुरात ती घरी आणता येत नाहीत, म्हणून हा क्लबात बसून भरायचा, तेही कानाला ऑफिसचा फोन लावून. एकात दारू घालायचीच राहिली, म्हणून नुसत्या टोपीच्या ठिणगीने गोळी नळीपर्यंतच सरकली.

हॉस्पिटलात म्हणतो, "आई, थांबलो असतो तर दोन सेकंद गेले असते."

"मग बोट गेलं ते परवडलं? आणि शेजारी पंच उभा होता, तो?"

"त्याला सॉरी म्हटलं ना."

"सॉरी! एमआरटी ट्रेनच्या गर्दीत त्याच्या पायावर पाय दिलास का, मेल्या?"

पंचाच्या डोळ्याखाली लोखंडाचा तुकडा घुसला होता. दोघेही जगले.