मामांनी तपासलेला आल्बम

धक्के देणं हे माझ्या बायकोच्या मामांचं काम आणि ते सोसणं हे उरलेल्या मानवजातीचं. मी त्यांना अकरा वर्षं ओळखतो. एवढ्या काळात खुद्द मामांना धक्के बसलेले मी एकदाच पाहिले, गेल्या वर्षी, आणि ते इतके जबर होते की त्यांचे हादरे मामांच्या बिशानहून निघून आमच्या टॅम्पिनीसच्या घरापर्यंत पोचले.

मामांनी इथे सिंगापूरच्या एका शिपयार्डात तीस वर्षं जहाजांचं वेल्डिंग तपासलं. पोलादावर छोट्या हातोडीने टकटक करायची, कान लावायचा आणि आत कुठे पोकळी आहे, कुठे बारीक तडा आहे ते सांगायचं. पुढे त्यासाठी यंत्रं आली, पण मामांच्या म्हणण्याप्रमाणे ती यंत्रं मामांनी सांगितलेलंच पुन्हा सांगत. निवृत्त झाल्यावर हातोडी यार्डात राहिली, बोटं मात्र घरी आली. जगात एकही वस्तू निर्दोष नाही यावर मामांचा गाढ विश्वास आहे आणि दोष सापडला की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो तो इतरांच्या चेहऱ्यावर नातवंड झाल्यावर दिसतो. बाजारात ते कलिंगडं वाजवतात. तिथली फळवाली चिनी आंटी आधी ओरडायची. आता इतर गिऱ्हाइकांची कलिंगडंही ती मामांच्या पुढे धरते. आम्ही नवा फ्लॅट घेतला तेव्हा सगळे नातेवाईक पेढे खात होते आणि मामा हॉलभर गुडघ्यांवर रांगत फरशी ठोकत होते. शेवटी उठून, हात झटकून त्यांनी जाहीर केलं, "सात टाइल्स पोकळ आहेत." बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. दोन वर्षांनी एका दुपारी फटाका फुटावा तसा आवाज होऊन टाइल्स वर उचलल्या गेल्या. मी वाकून मोजल्या. सात. आठवी आजतागायत जागची हललेली नाही.

गाण्याच्या बाबतीत तर हा कान फारच वाईट. मंडळाच्या गणपतीत मामा पहिल्या रांगेत बसतात आणि गाणारा सुराला जरा खाली लागला की "च्च" असा आवाज करतात. हळूच करतात, पण तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो. एकदा इथले एक मराठी दातांचे डॉक्टर मोठ्या हौसेने भजन म्हणायला बसले होते. पहिल्याच आलापात त्यांना तीन च्च मिळाले. डॉक्टर पुन्हा कधी गायले नाहीत, आणि मामा तेव्हापासून दात दाखवायला दुसरीकडे जातात. स्वतः मामा कधीच गात नाहीत, कारण स्वतःचे दोष त्यांनी सगळ्यांत आधी शोधून ठेवले आहेत.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी आर्किटेक्चर शिकायला इंग्लंडला गेली, दुसऱ्या वर्षी तिने कॉलेज सोडलं आणि तिघा इंग्रज पोरांबरोबर बँड काढला. तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा मामा एकच वाक्य बोलले, "तू गाणार? तुला सूर कुठे आहे?" त्यानंतर दोन वर्षं बापलेकीचं बोलणं बंद. ती मामींना रोज फोन करायची; तो आला की मामा चप्पल घालून खाली व्हॉइड डेकवर, इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, जाऊन बसायचे. बँडचं नाव काय आहे ते मामींनी मला कधी सांगितलं नाही. देवघर जवळच असल्यामुळे सांगता येत नाही, म्हणाल्या.

गेल्या वर्षी या बँडचा पहिला आल्बम आला आणि त्याच शनिवारी सकाळी मामींचा फोन आला. "तुम्ही जरा येता का? ह्यांनी तो ऐकला. तासभर झाला, भिंतीकडे बघत बसलेत."

मी एमआरटी पकडून गेलो. मामा खरोखरच भिंतीकडे बघत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "हा संगीताचा कुठला प्रकार?"

निघताना माझ्या मुलीने मला पढवून पाठवलं होतं. मी म्हणालो, "पोस्ट-पंक."

"म्हणजे पंकच्या नंतरचा? मग ते पंक कधी होऊन गेलं? मला कोणी काही बोललं नाही."

मग त्यांनी मलाही आल्बम ऐकवला. मी गाण्यातला जाणकार नाही, पण धक्का मलाही बसला. ढोल एकसारखा धडाडत होता, गिटारी पत्र्यावर नखं ओढल्यासारख्या किंचाळत होत्या, आणि त्यावर जिला मी दोन वेण्या घालून पुरणपोळी खाताना पाहिलं होतं ती मुलगी थंड, सपाट आवाजात, मालमत्तेचा जाहीरनामा वाचावा तशी काहीतरी वाचत होती. मध्येच ती ओरडली. मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "पडली का हो ती?"

पण हा पहिलाच धक्का होता. दुसरा दुपारी बसला. लंडनच्या एका मोठ्या वर्तमानपत्रात आल्बमचं परीक्षण आलं होतं आणि त्याला पाचपैकी पाच तारे होते. ते मी मोबाइलवर मोठ्याने वाचलं. "बेदरकार", "धारदार", "विस्कटलेपणाचा उत्सव" असे शब्द त्यात होते. मामांनी ते परत वाचायला लावलं. "विस्कटलेपणाचा उत्सव?" ते खुर्चीतून अर्धवट उठले. "आमच्या यार्डात विस्कटलेपणा दिसला की माणूस घरी जायचा! आणि ह्या लोकांनी आपल्यावर राज्य केलं?" संध्याकाळपर्यंत आणखी चार परीक्षणं आली. चारही जणांनी डोक्यावर घेतलं होतं. मामा इतके खचले की मामींच्या आमटीत मीठ कमी होतं तेही त्यांनी सांगितलं नाही. मामी घाबरून मला म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलावू का?"

तिसरा धक्का पुढच्या आठवड्यात आला, आणि तो आम्हा सगळ्यांना एकदम बसला. एका नावाजलेल्या संगीत मासिकाने आल्बमची सालटी काढली. समीक्षकाने लिहिलं होतं की ह्या चौघांकडे सांगण्यासारखं काही नाही, आवेश सगळा उसना आहे, नवव्या गाण्यातला ट्रंपेट तर हास्यास्पद, आणि गायिका सपाट गाते कारण तिला दुसरं काही येतच नाही. तिला सूर नाही.

मला वाटलं, मामा आता सुखावतील. त्यांचंच मत लंडनमध्ये छापून आलं होतं. मी ते वाचून संपवलं आणि मान वर केली, तर मामांचा चेहरा लालबुंद.

"सूर नाही?" ते म्हणाले. "कोण म्हणतो सूर नाही?"

"मामा, तुम्हीच..."

"मी बाप आहे! हा कोण?"

त्या दिवसापासून मामा आल्बम तपासायला बसले. डोळ्यांवर यार्डातला जुना चष्मा, कानांवर माझ्या मुलीचे गुलाबी हेडफोन, समोर वही. बारा गाणी, पुन्हा पुन्हा, रोज सकाळी चहानंतर आणि दुपारी जेवणानंतर. तीन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावलं आणि वही पुढे केली. तो त्या मासिकाला पाठवायचा तपासणी अहवाल होता, इंग्रजीत, एकेक कलम घालून. पहिला भाग परीक्षणातल्या दोषांचा. "नवव्या गाण्यात ट्रंपेट नाही. ती घासलेली गिटार आहे. यावरून समीक्षकाने नववं गाणं नीट ऐकलेलं नाही असं दिसतं." दुसरा भाग वाचून मात्र मी हबकलो. त्यात आल्बमचे दोष होते. तेवीस. "कलम चार: बेस गिटार ठरल्या वेळेच्या किंचित आधी प्रवेश करते. दुरुस्ती आवश्यक."

"मामा, तुम्ही तिची बाजू मांडताय ना? मग हे कशाला?"

"आहेत तर लिहायला नकोत?" त्यांनी आश्चर्याने विचारलं. "शेवटचं पान वाचा."

शेवटच्या पानावर निष्कर्ष होता. बेसूर माणूस बारा गाण्यांत एकदा तरी चुकून सुरात येतो. ही गायिका एकदाही आली नाही. ज्याला सूर पक्का ठाऊक आहे त्यालाच तो इतका अचूक टाळता येतो. आवाज सपाट नाही, दाबून धरलेला आहे. खाली सही आणि हुद्दा: निवृत्त वेल्डिंग तपासनीस, सिंगापूर. गायिका आपली मुलगी असल्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

मी चकित होऊन मामींकडे पाहिलं. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "लहानपणी रोज गायची ती, ह्यांच्यासमोर बसून. हे रोज च्च च्च करायचे. तेरा वर्षांची झाली आणि एका दिवशी बंदच केलं. ह्यांना वाटतं मला आठवत नाही."

मामांनी वही मिटून माझ्या हातात दिली. अहवाल तेवढा मी टाइप करून ईमेलने पाठवला.

आम्हाला वाटलं, तो कचऱ्यात जाईल. तर मासिकाने आपल्या वेबसाइटवर तो अख्खा छापला, तेवीस कलमांसकट, आणि ट्रंपेटबद्दल चूकही कबूल केली. त्याच संध्याकाळी मामांचा मोबाइल वाजला. मामींचा नव्हे, मामांचा. चष्मा सापडेना म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे आम्हीही ऐकलं.

"बाबा, तेवीस? सीरियसली? त्या क्रिटिकला फक्त चार मिळाले, लाह!" इंग्लंडात राहूनही तिचं सिंगापुरी "लाह" सुटलं नव्हतं.

"चोवीस होते," मामा म्हणाले. "एक मी लिहिला नाही."

"कुठला?"

मामांनी घसा साफ केला. "तो तुमच्या आल्बममधला नव्हता. माझ्यातला होता."

मग तिने विचारलं, "कलम चार म्हणजे नक्की कुठल्या सेकंदाला, बाबा?" आणि मामांनी वही उघडली. मी आणि मामी उठून खाली कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला गेलो. तासाभराने वर आलो तेव्हा ते कलम नऊवर भांडत होते.

डिसेंबरात ती तीन आठवड्यांसाठी घरी आली. एका सकाळी मी आणि मामा बाजारातून परतत होतो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. कॉरिडॉरमध्ये, दारापासून चार पावलांवर मामांनी माझा दंड धरला. आतून स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज येत होता आणि त्यात मिसळलेलं एक गुणगुणणं. शब्द नव्हते, किंचाळणारी गिटार नव्हती. एक साधी, जुनी चाल.

"थांबा जरा," मामा कुजबुजले. "आपण आत गेलो की बंद होईल."

आम्ही उभे राहिलो. शेजारची बाई लिफ्टमधून उतरली, आमच्याकडे संशयाने बघत आपल्या घरात गेली. पिशवीतल्या कोळंबीचा बर्फ वितळून माझ्या पायावर ठिबकू लागला. आत वरच्या सुराशी आवाज जरासा उतरला. ते माझ्यासारख्यालाही कळलं, म्हणून मी "च्च"ची वाट बघत मामांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.