मधल्या ठाण्यावरचा रविवार

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, आणि आबाला — त्याला तर कधीच नाही. तुम्हाला का सांगतोय? बसा, एवढंच म्हणतो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी चिपळूणहून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो होतो. कासारवाडीला रेल्वेलाइनच्या कडेला एक खोली भाड्याने घेतली होती. आणि वेड एकच — बिनतारी. रेडिओ ऐकायचं नव्हे, रेडिओवरून बोलायचं. त्यासाठी सरकारी परवाना लागायचा, परीक्षा द्यावी लागायची. त्या परीक्षेच्या बाकावर शेजारी बसला होता आबा येळवंडे. चाकणजवळच्या निघोज्याचा. लष्करात बिनतारी खात्यात काही वर्षं काढून घरच्या शेतीवर परत आलेला.

सेट घ्यायला आम्ही दोघं पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. लष्कराने मोडीत काढलेल्या सेटांचे तिथे ढीग असायचे. मला भुरळ पडली ती सगळ्यात मोठ्या, भरपूर काटे-तबकड्या असलेल्या धुडाची. आबाने हात धरून थांबवलं. म्हणाला, "बोलायचं मागनं बघू, भाऊ. आदी ह्याला ऐकू किती येतं ते बघा." दुकानदाराच्या बॅटरीवर एकेक सेट लावून, कानाला हेडफोन लावून तो कितीतरी वेळ बसला. त्याने निवडून दिलेला कळकट सेट मी घेतला. इतका तिखट कानाचा सेट पुन्हा माझ्या हातात आला नाही. हे मुद्दाम सांगतोय — पुढे त्या सेटबद्दलच मी खोटं बोललो.

निघोज्यात तेव्हा वीज नव्हती. आबाचा सेट छोटा, ट्रकच्या बॅटरीवर चालणारा. त्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा, पण पुण्यात पोचेपर्यंत शहराच्या खरखरीत विरून जायचा. पुण्यात आमचे प्रोफेसर होते, आमच्या हौशी बिनतारी मंडळाचे कर्तेधर्ते. म्हणून दर रविवारी दुपारी आबा बोलायचा, मी मधल्या कासारवाडीत ते उचलून प्रोफेसरांना सांगायचो, त्यांचं उत्तर पुन्हा आबाला. आता हे काम डोंगरावर बसवलेलं यंत्र करतं, रिपीटर म्हणतात त्याला. तेव्हा तो रिपीटर मी होतो. आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. दोन्हीकडची माणसं माझी वाट बघायची — परक्या गावात आणखी काय हवं असतं?

मग एका बैठकीत प्रोफेसरांनी आबाचं कौतुक केलं. एवढ्याशा सेटवर हा माणूस किती स्वच्छ बोलतो, म्हणाले. आणि माझ्याकडे बघून हसत, "सावंत काय, आमचा मधला खांब." सगळे हसले. मीही हसलो. आबा हसला की नाही, आठवत नाही. मी बघितलंच नाही.

खांब. एवढाच शब्द. पण तो मी घरी घेऊन आलो.

पुढच्या रविवारी सेट लावला आणि ठरवलं — आज बोलायचं नाही. कळू दे त्यांना, खांब नसला की काय होतं ते. आबाची पहिली हाक आली. मी गप्प. दुसरी आली. गप्प. काय सांगू, बरं वाटत होतं मला. मजा येत होती.

तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज बदलला होता. "सावंतभाऊ, ऐकताय का? आमची वयनी अडलीया. मूल आडवं हाय. सायबास्नी सांगा, पुण्याहून गाडी धाडा."

साहेब म्हणजे प्रोफेसर; त्यांच्या घरी टेलिफोन होता, दवाखान्याची गाडी मागवता आली असती. तार-फोनची सोय असलेलं चाकणचं पोस्ट रविवारचं बंद. मी मधे होतो, आणि मला प्रत्येक शब्द ऐकू आला होता.

माझा हात बटणाकडे गेला. खरंच गेला. आणि तिथेच मनात आलं, आता उत्तर दिलं तर आबा विचारेल, इतका वेळ कुठे होता? काय सांगणार होतो? ऐकत होतो आणि रुसलो होतो, हे? एका बाईचा जीव एका बाजूला आणि माझी ही लाज दुसऱ्या बाजूला. तो पुन्हा हाक मारत होता. मी सेट बंद केला.

नंतर मी स्वतःला समजावलं की दुसऱ्याचे घरगुती निरोप पोचवायला परवान्यात मनाई होती. अडीअडचणीला मुभा होती, हे मला पाठ होतं. आणि आधी मी कांद्याचे भावसुद्धा खुशाल पोचवले होते.

वहिनींना बैलगाडीतून चाकणला नेलं. तिथून कांद्याच्या ट्रकमधून पुण्याला. मुलगी जगली. वहिनीही जगल्या, पण गर्भाशय काढावं लागलं. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं मला आबानेच सांगितलं. त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. कारण तोवर मी सगळ्यांना सांगून बसलो होतो, की माझ्या सेटचा व्हॉल्व्ह, म्हणजे आतला काचेचा दिवा, जळाला होता.

आणि आबाने काय करावं? जुन्या बाजारात हिंडून तसलाच व्हॉल्व्ह शोधला आणि निघोज्याहून सायकल मारत माझ्याकडे आला. माझा चांगला व्हॉल्व्ह मी तांदळाच्या डब्यात लपवला होता. आबाने आपल्या हाताने नवा बसवला. सेट उजळला तसा त्याचा चेहरा खुलला. मी त्याला चहा करून दिला.

बाळाला बघायला गेलो तेव्हा मला वहिनींसमोर उभं राहवेना. त्याच म्हणाल्या, "तुमचं यंत्रच बिघडलं, त्याला तुमी काय करनार? मनाला लावून घेऊ नका." ज्या बाईला पुन्हा मूल होणार नव्हतं, ती माझी समजूत घालत होती. तेव्हा बोलायला हवं होतं ना? ऐकायला दारातही कुणी नव्हतं. मी मान हलवली.

वहिनींना आता मूल होणार नाही म्हणून त्यांच्या नवऱ्याच्या, आबाच्या थोरल्या भावाच्या, दुसऱ्या लग्नाचं घरात निघालं होतं. आबा आडवा पडला म्हणून ते मोडलं, नाहीतर वहिनींचं काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

त्या घराने मला नंतर जे दिलं, ते कशात मोजू? टायफॉइडने पडलो तेव्हा आबाची आई माझ्या खोलीवर येऊन राहिली. माझ्या लग्नात मुंडावळ्या वहिनींनी बांधल्या. सुगीला घरी पोतं यायचं, बाजरी, भुईमूग, जे पिकेल ते. कुसुम — ती मुलगी — मला काका म्हणत वाढली. कोकणातून एकटा आलेला मी, मला इथे घर मिळालं ते त्यांच्यामुळे. आजही सकाळी उठलो की त्या माणसांची आठवण येते आणि ऊर भरून येतो. त्यांचं प्रेम खरं होतं. मला मिळालं तेही खरं मिळालं. आणि ज्याच्यावर ते करत होते, त्याने त्या रविवारी त्यांची हाक ऐकून सेट बंद केला होता. दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एकही वजा करता येत नाही.

आबा गेला. वहिनीही गेल्या. सांगायला वेळ नव्हता असं नाही. वर्षंच्या वर्षं होती.

ते दोघं असतानाच कुसुमचं लग्न झालं; तिथे मांडवात मानाचे फेटे बांधत होते. घरच्या काकांची रांग लागली, मी मागे सरकून उभा होतो. वहिनींनी लांबून आबाला खूण केली. आबा फेटा घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "सावंतभाऊ, मान वाकवा जरा."

मी मान वाकवली आणि फेटा बांधून घेतला.