मागची बाजू फ्रिजला चिकटलेली

अन्याय झाला तो ठाकुर्लीच्या दत्ताकाकांवर. लशीच्या त्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. हातात छत्तीस नंबरचं टोकन होतं, शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर गेलेली होती आणि पस्तिसावा माणूस आत गेलेला होता. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकांनी मेसेज वाचला, बाही खाली केली, टोकन मागच्या बाईंना देऊन टाकलं आणि ते तडक घरी आले.

काकीने मला फोन करून मेसेज वाचून दाखवला: ‘लस घेतली? आता एकवीस दिवस मासे बंद! खाल्लेत तर अंगाला सूज!’

आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्याकडे श्रावणही पाळतात तो श्रावण संपल्यावर काय आणायचं याची यादी करत. पण काकांचा पेच त्याहून मोठा होता. मीनलताईला, म्हणजे त्यांच्या मुलीला, खडवलीला नुकताच मुलगा झालेला. काकांचा पहिला नातू. आणि ताईने बजावून ठेवलेलं की लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. म्हणजे एकीकडे नातू, दुसरीकडे बांगडा आणि काका मधोमध, बनियनवर, पंख्याखाली.

मी तेव्हा अफवांविरुद्ध मोहीम चालवत होते. (मोहीम म्हणजे मी, दोन मैत्रिणी आणि डोंबिवलीतला एक दयाळू छापखानेवाला.) घरच्यांसाठी कायदाच केलेला: फोनवर आलेली कुठलीही बातमी मी तपासल्याशिवाय पुढे पाठवायची नाही. टीव्हीवर विश्वास नाही, शेजाऱ्यांवर नाही, पालिकेच्या भोंगा लावलेल्या रिक्षावरसुद्धा नाही. आधी मी! आणि माझ्याच घरात ही फितुरी?

मी काकांकडे थडकले. कोणी पाठवलं, विचारलं. काका नाव सांगेनात.

“विश्वासातली बाई आहे. सांगितलं तर तू फाडून खाशील तिला.”

मी म्हटलं, फाडणार नाही, फक्त जाब विचारणार. काकी आतून म्हणाली, तेच ते.

मग मी जिन्यात बसून पोस्ट लिहिली. ‘अशा एका बाईमुळे एक आजोबा नातवापासून तुटलेत. तिला लाज वाटली पाहिजे. तिच्या घरच्यांनी तिचा फोन काढून घ्यावा. घरात कोणी शिकलेलं नाही का?’ भराभर अंगठे पडले. पहिला अंगठा माझ्या आईचा.

त्या जोरावर पुन्हा आत गेले.

“काका, हे साफ खोटं आहे. मी तपासलंय.”

“कधी?”

“मागच्या आठवड्यात. मी ह्याच्यावर पत्रकच काढलंय.”

काकांचा चेहरा उजळला. “अगं, मग तेच तर आलंय मला.”

त्यांनी फोन पुढे केला. गुलाबी कागद. काळी ठसठशीत अक्षरं. आणि कागदाच्या खालच्या टोकावर फणसाच्या आकाराचं चुंबक. ते चुंबक मी ओळखते. मीच आणलेलं, आमच्याच फ्रिजवर असतं.

इथे पत्रकांबद्दल सांगायला हवं. मला शिकवलेलं असं की पत्रकाची पुढची बाजू ओरडली पाहिजे, मागची समजावते. म्हणून मी पुढे ती अफवा छापलेली, खाली ‘असा मेसेज आलाय? पान उलटा’, आणि मागे ‘साफ खोटं. मासे खुशाल खा.’ पान उलटा हे शब्द आता फणसाखाली होते.

मी आईला फोन लावला.

“आई, काकांना ते तू पाठवलंस?”

“हो. तूच म्हणालेलीस ना, घरोघरी पोचलं पाहिजे. लावलं फ्रिजला, काढला फोटो, दिला भाऊजींना पाठवून.”

“अगं, आणि मागची बाजू?”

“मागची बाजू फ्रिजला चिकटलेली.” मग म्हणाली, “तुझी आत्ताची पोस्ट वाचली हं. छान लिहिलीयेस. कोण गं ती बाई?”

मी विषय बदलला.

काकांना सगळं उलगडून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “खोटं आहे असं कोण म्हणतंय?”

“मी.”

“आणि छापलं कोणी?”

वर्षभर ज्याला संशय घ्यायला शिकवलं, तो विद्यार्थी पहिल्या नंबराने पास झालेला.

शेवटी काकी तळलेला बांगडा घेऊन बाहेर आली. “मला टोचून सतरा दिवस झाले. रोज खातेय. दिसते का सूज?” काकांनी तिला नीट निरखून पाहिलं. (एवढं लक्ष देऊन बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच.) तरी सोमवारी केंद्रावर जाऊन त्यांनी नर्सबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, काका, मासे खा, फक्त ताजे कुठे मिळतात ते मलाही सांगा. काकांनी बाही वर केली. थोड्या दिवसांनी खडवलीहून फोटो आला: मांडीवर नातू, आणि आजोबा श्वास रोखून बसलेले.

मी दुरुस्तीचं पत्रक काढलं. पुढच्याच बाजूला खरं. ते अकरा जणांनी पाहिलं, त्यात दोनदा मीच. गुलाबी कागद मात्र फिरतोय. गेल्या महिन्यात तापाची साथ होती, तेव्हा तो मलाच आला. ‘लस घेतली’ खोडून कोणीतरी ‘ताप आला’ लिहिलेलं आणि वर ‘मोठ्या डॉक्टरांकडून’. मी कणकण अंगात घेऊन जेवत होते. वाचलं, आणि ताटातला बांगडा हळूच बाजूला सरकवला. फणस दिसला तो पाच मिनिटांनी.

तेव्हा तुम्ही, हो तुम्हीच, फोन काढा. फणसवाला गुलाबी कागद सापडला तर पुसून टाका, आत्ताच्या आत्ता. आणि मी सांगतेय म्हणून पुसू नका. आधी एखाद्या नर्सबाईंना विचारा.