घासून कोरं केलेलं घड्याळ

लग्नात माझ्या वाट्याला नवरा आला आणि नवऱ्याच्या वाट्याला घड्याळ. नवऱ्याचं मला फारसं काही करावं लागलं नाही, तो बिचारा आपल्या आपण जगणारा माणूस. घड्याळानं मात्र मला पार दमवलं. त्या दोन-तीन वर्षांची आठवण काढली की आधी आठवतो तो थकवा. धुणीभांडी आटोपून दुपारी जरा पाठ टेकावी, तर ते नाही. मी आपली खिडकीपाशी उजेडाला बसून, मांडीवर मऊ फडकं घेऊन, घड्याळाच्या काचेवरचा एक केसाएवढा ओरखडा घासते आहे. शेजारणी विचारायच्या, घड्याळ बंद पडलं का? बंद कसलं पडतंय. ते झकास चालत होतं, मीच चालेनाशी झाले होते.

माझे वडील मंठ्याला शिंपी होते. निजामी गेल्यानंतरच्या दिवसांत तिथल्या एका जहागीरदाराच्या घरी लग्न निघालं, तेव्हा बाबांनी महिनाभर त्यांच्याकडेच राहून सगळ्यांच्या शेरवान्या शिवल्या. काम इतकं पसंत पडलं, की कायमचं हैदराबादला निघून जाताना जहागीरदारानं बाबांना बोलावून एक विलायती घड्याळ दिलं. डबीतलं, कोरं, हात न लागलेलं. ते सोन्याचं होतं की वरून नुसतं सोन्याचं पाणी होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. विचारायला सोनाराकडे न्यावं तर तो हात लावणार, म्हणून बाबांनी नेलंच नाही.

त्यांनी ते एकदाही मनगटावर बांधलं नाही. "शिंप्याच्या हाताला हे शोभत न्हाई," म्हणायचे. शिवणयंत्राच्या खणात, लाल मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून ते अठरा वर्षं पडून होतं. दसऱ्याला यंत्र, कात्री आणि कोळशाची इस्त्री यांची पूजा झाली की बाबा घड्याळ बाहेर काढायचे, चावी द्यायचे, कानाला लावून ऐकायचे. आम्ही पोरं हात मागे बांधून बघायचो. एका दसऱ्याला मी काचेवर बोट टेकवलं आणि बाबांनी मला फाडकन लगावली. आयुष्यात त्यांनी मला एकदाच मारलं, ते त्या घड्याळापायी.

म्हणून लग्नाच्या मांडवात त्यांनी स्वतः उठून ते घड्याळ यांच्या हातात बांधलं तेव्हा माझे हात आपसूक पाठीमागे गेले. सासरच्यांनी काही मागितलं नव्हतं. बाबांनी आपणहून दिलं. पट्टा आवळला, काच सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि जरा मागे सरून बघितलं. मला वाटलं, आता ह्या वस्तूची राखण माझ्याकडे आली.

परतूरला आम्ही दोन खोल्यांत संसार मांडला. हे कापूस खरेदी केंद्रावर होते, आलेल्या कापसाची प्रत ठरवायचं काम. लग्न उन्हाळ्यात झालं, हंगाम दिवाळीनंतर सुरू होणार, त्यामुळे पहिले चार-सहा महिने घड्याळ सुखात राहिलं. दिवाळसणाला आम्ही मंठ्याला गेलो. पहाटे जावयाला उटणं लावायला पाटावर बसवलं, तेव्हा यांनी घड्याळ काढून बाबांच्या हातात दिलं. आंघोळ होईपर्यंत बाबा ते घेऊन चिमणीपाशी बसले. बाबांची नजर तेव्हाच अधू होऊ लागली होती. काचेवरून, कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जसंच्या तसं हाये." बाबा खूश झाले असं मला वाटलं, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. इथंच मी फसले.

मग हंगाम आला. आता हे काम काय असतं ते सांगायला हवं. गाड्यांची रांग लागते. वरवर दिसतो तो कापूस पांढराशुभ्र. पण वजन वाढावं म्हणून काही जण मधल्या थराला पाणी मारून आणतात. ते वरून दिसत नाही. गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसायचा, आतला मूठभर कापूस ओढून काढायचा, दाबून बघायचा. दिवसभर हेच. हे डावखुरे. शाळेत मास्तरांनी मारमारून उजव्या हातानं लिहायला शिकवलं तेवढंच, बाकी सगळा कारभार डाव्या हाताचा. म्हणजे जो हात कापसात जाणार त्याच हातात घड्याळ. गाडीच्या बाजूंच्या बांबूच्या ताट्या तारेनं आवळलेल्या असतात, आणि प्रत्येक गाडीत हात घालताना काढताना मनगट त्या तारांना घासणार.

पहिला ओरखडा मला संध्याकाळी दिसला. काचेवर, सहाच्या आकड्यापाशी, नखाएवढा. मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"कुठं काय?"

"हे. ओरखडा."

यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, तिरकं केलं. "मला तर काई दिसून न्हाई राह्यलं."

त्यांना तो शेवटपर्यंत दिसला नाही. मला मात्र त्याच्याशिवाय दुसरं काही दिसेना. मी म्हणायचे, घड्याळ काढून खिशात ठेवत जा. तर म्हणे वाकलं की खिशातलं गाडीत पडतं, मग कापसाबरोबर सरकी काढायच्या जिनिंगमध्ये जाईल. उजव्या हातात बांधा म्हटलं, तर पावत्या लिहिताना अडतं. शेवटी मी वरून रुमाल बांधून दिला. दुसऱ्या दिवशी हे रुमाल खिशात कोंबून घरी आले.

"लोकं विचारू राह्यले, साहेबाला जखम झाली का म्हणून. किती जणांना सांगू?"

"मग घरी ठेवून जात जा."

"का म्हणून? सासऱ्यानं घालायला दिलं का ठेवायला?"

आज वाटतं, त्या माणसाला सगळं कळत होतं. मला वाटायचं, ह्यांचं काय जातंय. दिवाळीला बाबांचा अंगठा ह्या काचेवरून फिरणार आणि खाली मान घालायची वेळ माझ्यावर येणार. अठरा वर्षं ज्यावर बोटाचा ठसा उमटू दिला नाही, ते मी वर्षभर सांभाळू शकले नाही. बाबा बोलणार नाहीत, पण मनात म्हणतील, पोरीच्या घरी वस्तूची कदर नाही. नुसत्या ह्या विचारानंच मला शीण यायचा.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एक म्हातारे घड्याळजी चाचा बसायचे. त्यांच्याकडे गेले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळ उलटसुलट केलं आणि हसले. "बेटी, ये तो कुछ बी नै. हात पे रहेगा तो रगड़ खाएगाच ना."

"न्हाई चाचा, दिसलं न्हाई पाहिजे."

मग त्यांनी मला युक्ती सांगितली. काचेला पांढरं दंतमंजन, चिमूटभर, ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल घासायचं. धातूच्या कडेसाठी त्यांनी लाल भुकटीची पुडी दिली. वर सांगितलं, "रोज नक्को करो." मी रोजच केलं. हे दुपारी जेवायला घरी यायचे, घड्याळ माझ्या हवाली करून जरा आडवे व्हायचे, आणि मी घासायला बसायची. ते घोरत आहेत, मी घासते आहे. त्या काळात मी कधी कुठल्या बायकांत बसले नाही, कुणाच्या हळदीकुंकवाला वेळेवर गेले नाही. माझं तोंड कायम ओढलेलं असायचं. सासूबाईंनी एकदा विचारलंही, काही आनंदाची बातमी आहे का, म्हणून इतकी थकतेस? काय सांगणार? घड्याळ घासून थकले म्हटलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

दुसरी दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा मी घड्याळ काढून घेतलं आणि सरळ ट्रंकेत ठेवलं. आता एकही नवा ओरखडा नको. हे कुरकुरले, पण मी ऐकलं नाही. पट्टाही चाचांकडून नवा बसवून घेतला. मंठ्याच्या एसटीत बसल्यावरच त्यांच्या हातात बांधलं. खरं सांगते, घड्याळ अगदी कोरं दिसत होतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पहाटे हे न्हाणीत गेले. बाबा घड्याळ घेऊन बसले. आता त्यांना जवळचंही नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू पिकत आला होता, सुईत दोरा माझी आई ओवून द्यायची. अंगठा काचेवरून फिरला, कडेवरून फिरला, परत काचेवर आला. "जसंच्या तसं हाये," बाबा म्हणाले. शब्द मागच्या वर्षीचेच, पण आवाज पडलेला. मला कळेना काय चुकलं. कुठं राहिला असेल ओरखडा?

दुपारी हे गावात गेले तेव्हा बाबा माझ्यापाशी येऊन बसले.

"पोरी, जावईबापू घड्याळ घालत न्हाईत व्हय?"

"घालतेत की, बाबा."

"खरं सांग. मी काई मनाला लावून घेत न्हाई. शिंप्यानं दिलेली वस्तू, त्यांच्यात साहेबलोकांत बरी दिसत नसंल."

बाबांचं चुकत नव्हतं. दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या हातातलं घड्याळ वर्षानंतरही डबीतल्यासारखं असेल, तर कुणीही तेच म्हणेल. आणि मला आत्ता कुठं दिसलं, की ओरखडा सापडेल म्हणून बाबा अंगठा फिरवत नव्हते. सापडावा म्हणून फिरवत होते. अठरा वर्षं आपल्याला घालण्याचं धाडस झालं नाही, ते कुणीतरी घालतंय, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. "बाबा, रोज घालतेत. कापसात हात घालतेत तवाबी काढत न्हाईत. लई ओरखडे पडलेते. मीच दंतमंजनानं घासून काढले, तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

सांगताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. बाबा हसले. रागानं नाही, दमून हसले.

"जल्मभर कपडा शिवला मी. घातलेला कपडा कोन्ता, घडीचा कोन्ता, डोळे झाकून हाताला कळतंय." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नवऱ्याची बाजू घ्यावी मानसानं. त्यात चूक न्हाई. ऱ्हाऊ दे."

परतीच्या एसटीत मी यांना सांगितलं. त्यांनी बाही वर सारून घड्याळाला चावी दिली. भांडले असते तर बरं झालं असतं. निम्मा रस्ता मागं पडला तेव्हा म्हणाले, "गाडीवाल्या एकेकाला सांगतो मी, सासऱ्यानं दिलं म्हणून. त्यांनाच तेवढं ठावं न्हाई."

त्या दिवसापासून मी दंतमंजन फक्त दातांना लावलं. लाल भुकटीची पुडी चुलीत टाकली. दुपारी झोपायला मोकळी झाले, पण माझ्या नशिबी स्वस्थता नाहीच. आता मला उलटीच काळजी लागली. संध्याकाळी हे आले की मी मनगट धरून बघायची, आज नवा पडला का? पडला असला तर बरं वाटायचं. एकदा काच कोपऱ्यात चांगली खरवडून आली, तर मी यांना चहाबरोबर शिरा केला. हे म्हणाले, तुझं डोकं ठिकाणावर नाही. नसेलही. पण हंगाम संपला तेव्हा ते घड्याळ बघून कुणालाही कळलं असतं, की हे एका कष्टाच्या हातात रोज राहतं. पट्टाही घामानं काळा पडला होता. तिसऱ्या दिवाळीची मी वाट बघत होते, इतकी वाट मी माहेराची कधी पाहिली नव्हती.

पहाटे हे पाटावर बसले आणि घड्याळ काढून बाबांच्या दिशेनं धरलं. बाबांनी हात पुढं केला नाही. "ठेवा ना तिथं कोनाड्यात," म्हणाले. जावयाला अवघड वाटू नये म्हणून त्यांनी तो विषयच सोडून दिला होता. मी कोनाड्यातून घड्याळ उचललं, बाबांच्या पुढ्यात बसले आणि त्यांचा हात ओढून त्यावर ठेवला.

"बाबा, बघा तरी. बोट फिरवून बघा."

अंगठा काचेवर गेला आणि थबकला. पुढं सरकला, परत थबकला. कडेवर आला, तिथली तारेची खरवड त्यांनी नखानं दोनदा चाचपली. पट्टा बोटांत धरून बघितला. बोला ना बाबा, मी मनात म्हणत होते, एकदा जावयाला हाक मारा.

बाबांनी घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. न्हाणीतल्या माणसाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "माझ्यासाठी एवढं चांगलं घड्याळ खरवडून ठिवलंस व्हय गं, पोरी?"