बॅनरवरच्या गोऱ्या मॅडम

"बॅनरवरच्या मॅडमना भेटायचंय."

क्लासच्या काउंटरवर एका विद्यार्थ्याची आई उभी होती. मी म्हटलं, मीच ती. बारावीचं बायॉलॉजी मीच शिकवते. तिने मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही नाही हो. त्या गोऱ्या."

क्लासचे मालक, आमचे सर, शेजारीच होते. म्हणाले, "ह्याच त्या. फोटोला जरा मेकअप केलाय." ती हसली. सर हसले. मीही हसले.

दादरच्या नाक्यावर आम्हा सगळ्या शिक्षकांचा बॅनर होता. त्यावर माझा चेहरा दुधासारखा. पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी "थँक्यू, सर" म्हणाले होते. मी झेडपीच्या शाळेतली, घरातली पहिली पदवीधर. अनुभव नसताना सरांनी मला फळ्यासमोर उभं केलं होतं.

काउंटरवरच्या त्या दिवसापासून बॅनरवरची ती गोरी बाई माझ्या मागे लागली. नाक्यावर बॅनर टाळायला मी फुटपाथ बदलायचे. दुकानाच्या काचेत आधी तीच दिसायची. वर्गात शिकवायचे, म्हशीच्या कातडीत, कावळ्याच्या पिसात, माणसाच्या त्वचेत रंगद्रव्य एकच, मेलॅनिन. वाटायचं, ती पाठीमागे उभी राहून ऐकतेय.

मग सांगोल्याकडून बाबा आले, माझ्याच सावळ्या रंगाचे. लेकीचा फोटो बघायला एकटेच नाक्यावर गेले. तिथून फोन केला.

"पोरी, समद्यांचं फोटू हायती. तुझा न्हाय. तुझं नाव दुसऱ्याच बाईखाली टाकलंय बघ. सरास्नी सांग, चूक झालीया."

सांगते, म्हटलं.

त्याच दुपारी त्वचेच्या रंगाची आनुवंशिकता शिकवायची होती. रंग एका जनुकाने ठरत नाही. जनुकांच्या अनेक जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. फळ्यावर एवढं लिहिलं आणि हात थांबला. माझ्या चेहऱ्यावरून सरांनी माझा बाप पुसला होता. आणि मी थँक्यू म्हणाले होते.

तास संपवून सरांच्या केबिनमध्ये गेले. माझा चेहरा आहे तसा लावा, नाहीतर काढा, म्हटलं. सर चिडले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, पालक फोटो बघून येतात. आणि आपण कुठून आलो, ते विसरू नये."

"विसरले होते, सर. म्हणून तर गप्प बसले."

मग बॅचही दुसऱ्यांना देईन, म्हणाले. द्या, म्हटलं.

परळपासून गिरगावपर्यंत क्लासेस पुष्कळ आहेत. मला कोण घेईल, ठाऊक नाही. पण जिथे शिकवीन, तिथे बापाच्या रंगात शिकवीन. उपकारापोटी चेहरा कुणाच्या हाती देणार नाही.