सोनी तांड्याची विहीर

मानीबाई लग्न होऊन तांड्यावर आली, त्याच वर्षी घाटंजीच्या बाजारात हरवली. हरवली म्हणजे काय, बांगडीवाल्यापाशी घटकाभर थबकली, तेवढ्यात सासू पुढे निघून गेली आणि गर्दीत ही एकटीच उरली. पंधरा वर्षांची पोर, अंगावर आरशांची काचोळी, दंडापर्यंत चुडा. कोणीही ओळखावं, ही लमाणांची सून. एक भला माणूस जवळ आला.

“पोरी, कोन्त्या तांड्यावरची तू?”

नाव मानीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. कारण तांड्याला स्वतःचं असं नावच नव्हतं. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायच्या दिवसांत तांड्याला गाव कुठलं? जो नायक, त्याच्या नावाचा तांडा. आता तीन पिढ्या झाल्या एका जागी बसून, नांगर धरून, तरी रीत तीच. नायक होते तिचे सासरे, हिरासिंग. आणि सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं म्हणजे जीभच झडायची.

“सांग ना वो, कोन्ता तांडा?”

मानीनं मान खाली घातली. पोर मुकी आहे असं समजून त्या भल्या माणसानं हळहळून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तो गेला. सासू शोधत आली तेव्हा दिवस कलला होता. मानी लिंबाखाली बसून गूळ चघळत होती आणि डोळे पुसत होती.

ही गोष्ट ती पुढे स्वतःच सांगायची आणि स्वतःच पोट धरून हसायची. “चार घटका मुकी झाल्ती मी! माह्या जन्मात तेवढीच.”

ते खरंच होतं. मानीबाईसारखी बोलकी बाई अख्ख्या तांड्यात नव्हती. दळताना बोलायची, निंदताना बोलायची, देवापुढे हात जोडले तरी सेवाभायाशी घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं बोलायची. “भाया, काल बकरी व्याली बरं, दोन पिलं हायेत.” बोलणं थांबायचं ते एकाच ठिकाणी. सासरे देवाघरी गेले, तिचा नवरा धरमसिंग नायक झाला, तसं तांड्याचं नावही बदललं. सासऱ्याच्या नावातून सुटली ती नवऱ्याच्या नावात अडकली. माहेराहून येताना वाटेत कोणी विचारलं, कुठं चालली, तर हात लांब करून म्हणायची, “त्या नाल्यापल्याड.”

त्या नाल्याचंच पाणी तांड्याला होतं. उन्हाळ्यात नाला आटला की वाळूत खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणायचे. वाटीवाटीनं पाणी उपसायचं, दोन घागरी भरायला अर्धी सकाळ. मानीबाईचा एक नेम होता. दिवसाची पहिली घागर देवाची. त्या पाण्यानं सेवाभायाची जागा सारवायची, देवापुढे तांब्या भरून ठेवायचा, मग घरच्यांच्या तोंडाला पाणी. पण चैत्र-वैशाखात झिऱ्याला निम्मा गाळ यायचा. ती चार पदरी फडक्यातून पाणी गाळायची, परत गाळायची, तरी तांब्याच्या तळाशी बोटभर माती बसायचीच.

“भाया, असं पानी तुह्यापुढं ठेवाले मले लाज वाटते,” ती म्हणायची. “एक डाव तरी नितळ घागर तुले वाहीन. कशी वाहीन, ते तू पाहा.”

एकसष्टच्या सुमाराला त्या भागात विमलताई नावाच्या ग्रामसेविका आल्या. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, पायांत चपला, आणि चालण्याचा वेग असा की तांड्यावरची कुत्री भुंकायचं विसरून बघत राहायची. पोरांना टोचून घ्या, खताला खड्डे करा, बिनधुराची चूल मांडा, असं काय काय सांगायच्या. मानीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई, चुलीचं पाहू. पानी देते का तुमचं सरकार?”

“देतं ना! विहिरीची योजना आहे. सिमेंट, दगड, गवंडी, सुरुंग सरकारचे. खणायचं तुम्ही, श्रमदानानं. पण मागणी गेली पाहिजे. येत्या बाजारी घाटंजीला विकास मेळावा आहे, तिथं टेबलावर लिहून घेतील. आणि बायकांनीच या. पाण्याचं दुखणं बायकांच्या तोंडून साहेबांना लवकर कळतं.”

बाजाराच्या दिवशी मानीबाई निघाली. पाठीच्या झोळीत सहा महिन्यांची सोनी, सोबतीला धाकटी जाऊ रामीबाई. पुरुष बैलबाजारात गुंतले होते. मेळाव्याचा मांडव मोठा, त्यात रंगीत तक्ते, नव्या नमुन्याचे नांगर, पिंजऱ्यात पांढऱ्याशुभ्र कोंबड्या. विमलताई दुसऱ्या टोकाला बायकांच्या घोळक्यात चूल मांडून दाखवत होत्या. दोघी जावा विहिरीच्या टेबलापुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा कारकून दौतीला झाकण लावायच्या बेतात होता.

“बोला, काय पाहिजे?”

“हीर पाहिजे, बापू. प्याच्या पान्याची.” मानीबाईनं मग झिऱ्यापासून जे सुरू केलं ते गाळाच्या फडक्यापर्यंत एका दमात सांगितलं. कारकुनानं दोन ओळींत लिहून घेतलं.

“बरं. तांड्याचं नाव?”

मानीबाई गप्प.

“नाव सांगा बाई. कोणाचा तांडा?”

मानीबाईनं रामीबाईला कोपरानं ढोसलं. “सांग ना वो.”

“मी कशी सांगू? माहे जेठ हायेत ते!” रामीबाईनं पदर नाकापर्यंत ओढला.

“मंग सासऱ्याचं सांग. जुने लोक अजून त्याच नावानं वळखते.”

“आन् सासरा काय तुह्या एकटीचाच व्हता का वो?”

कारकून हसला, मग त्यानं घड्याळ पाहिलं. “बाई, नाव नाही तर विहीर नाही. मागं अजून चौघं उभे आहेत, आणि पाच वाजता हे पुस्तक साहेबांकडे जातं.”

बैलबाजार मांडवापासून कोसभर लांब, विमलताईही आता घोळक्यात कुठं दिसेनात. कोणाला बोलावून आणेपर्यंत पुस्तक बंद व्हायचं. मानीबाईला तो लिंब आठवला, तो गुळाचा खडा आठवला. पाठीवर सोनी जागी झाली आणि तिनं आईची वेणी ओढली.

“लिवा,” मानीबाई म्हणाली. “सोनी. सोनी तांडा.”

रामीबाईच्या तोंडाचा आ वासला तो गाडीत बसेपर्यंत मिटला नाही. “माय वो! पोरीच्या नावाचा तांडा? जेठाईले समजलं तं?”

“समजाले तू सांगशीन तवा ना?”

रामीबाईनं सांगितलं नाही. मानीबाईनंही नाही. देवाला मात्र त्याच दिवशी सांगून टाकलं, “भाया, खोटं नाई बोलली मी. घरातलंच नाव देल्लं.”

पावसाळा गेला, कापूस फुटला, वेचणी झाली. मानीबाई जवळजवळ विसरूनच गेली होती. आणि एका दुपारी विमलताई धुळीनं माखलेल्या पायांनी नायकाच्या अंगणात येऊन टेकल्या. धरमसिंग, तांड्याचा कारभारी देवीलाल आणि चार-सहा जण तिथंच बसलेले होते.

“पाणी द्या हो आधी. सकाळपासून सहा तांडे फिरले. तुमच्या भागात सोनी तांडा कुठला, सांगता का?”

माणसं हसायला लागली. देवीलालनं तर मांडीवर थाप मारली. “बाई, पोरीच्या नावानं तांडा अस्ते का? कोन्त्या येड्यानं लिवलं?”

“कोणी का लिहिलं असेना, त्याला विहीर मंजूर झालीये. तलाठी म्हणतो असा तांडाच नाही. परवा ओव्हरसियर जागा पाहायला येतायत. तोवर सापडला नाही तर विहीर यादीतल्या पुढच्या गावाला जाईल.”

ओट्यावर पाणी घेऊन आलेल्या मानीबाईच्या हातातला तांब्या कलंडला. गाळून ठेवलेलं पाणी धुळीत गेलं. तिनं ते पाहिलं, पदर ओढला आणि म्हणाली, “बाई, ह्या येडीनं सांगलं नाव. हाच तो तांडा.”

हसू एकदम थांबलं. कसं झालं ते तिनं सांगितलं. धरमसिंग नुसती मिशी चोळत बसला.

“नाव दुरुस्त नाई का व्हनार, बाई?” देवीलालनं विचारलं.

“होईल की. नवा अर्ज, नवी पाहणी, नवी मंजुरी. पण मग हा उन्हाळा विसरा, कदाचित पुढचाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्याची बैठक बसली. बैठकीत बायका बोलत नाहीत. त्या ओट्याच्या कडेला, पदराआड. देवीलालनं सुरुवात केली.

“नायका, तुह्या बापाच्या, आजाच्या काळापासून नायकाच्या नावानं तांडा. उद्या बाकीचे तांडे लग्नात आपल्याले हसतीन. आन् पोरगी त काय, आज हाय, उद्या परक्या घरी जाईन. तिच्या नावाचं काय घिऊन बसाचं?”

मानीबाईला बैठकीत बोलायची मुभा नव्हती. पण मांडीवरच्या लेकीशी बोलायला कोणाची परवानगी लागते?

“सोने,” ती मोठ्यानं म्हणाली, “देवीलालकाकाले सांग, पोरगी परक्या घरी गेली तरी हीर संगं नाई नेत म्हना.”

दोन-तीन जण खाकरले.

“आन् सांग, नायक बदलला का नाव बदलते. सरकारच्या लोकाईनं कागद किती डाव खोडाचा? तुह्यं नाव एक डाव बसलं का बसलं.”

“सोनीले सांगा,” देवीलालनंही लेकराकडेच पाहून फर्मावलं, “का मोठ्या मान्साईच्या मंधात बोलू नोको.”

“सोने, काकाले इचार, झिऱ्यावर रोज पानी आनाले काकी जाते का काका जाते?”

आता मात्र बैठकीत हशा पिकला. देवीलालच्या बायकोनं पदरात तोंड लपवलं, पण तिचे खांदे हलत होते. धरमसिंग तेवढा हसला नाही. “उद्या ओव्हरसियर येऊ द्या. पाहू,” एवढंच म्हणून तो उठला. बैठकीतून कोणालाच काही अंदाज आला नाही, मानीबाईला तर मुळीच नाही. जेवताना तिनं भाकर वाढली, त्यानं खाल्ली. कांदा मागितला, तिनं दिला. इतकी मुकी ती घाटंजीच्या लिंबाखालीही नव्हती.

सकाळी ओव्हरसियर सायकल ढकलत आले, मागं विमलताई. अख्खा तांडा गोळा झाला. मानीबाई देवाच्या जागेपाशी सोनीला घेऊन उभी राहिली. ओव्हरसियरांनी कागद उलगडला.

“हा कोणता तांडा?”

देवीलालनं नायकाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. धरमसिंगनं पागोटं नीट केलं.

“सोनी तांडा, साहेब.”

मानीबाईनं डोळे मिटून घेतले.

“नायक कोण?”

“मीच.”

“नाव?”

धरमसिंगनं बायकोकडे तिरप्या नजरेनं पाहिलं. “आमच्या घरात माह्यं नाव कोनी घेत नाई, साहेब. सोनीचा बाप म्हन्ते. तेच लिवून घ्या.”

तांडा असा हसला की ओव्हरसियरांनाही हसू आवरेना. “अहो, असं चालत नाही!” शेवटी खरं नाव लिहिलं गेलं, अंगठा उठला आणि सेवाभायाच्या जागेच्या खालच्या अंगाला विहिरीची जागा आखली गेली.

खणायला पहिला उतरला तो देवीलाल. “हसतीन त हसू दे. पन हीर उथळ राह्यली म्हून नोको हसाले,” म्हणाला. वर काळी माती, मग मुरूम, मग कातळ. पुरुष पहारी मारायचे, बायका टोपली भरून वर द्यायच्या. सुरुंगाच्या दिवशी सगळ्यांनी लेकरं-बकऱ्या घेऊन लांबच्या माळावर जाऊन बसायचं, म्हणजे जत्राच. चौतीस फुटांवर, अक्षय तृतीयेच्या आधी दोन दिवस, कातळाच्या फटीतून बोटाएवढी धार सुटली. विमलताईंनी चपला काढून ठेवल्या आणि बायकांबरोबर फेर धरून त्या नाचल्या.

बांधकाम होऊन पाणी निवळल्यावर पहिली घागर मानीबाईनं ओढली. निखाऱ्यांवर तूप-गुळाचा भोग चढवला, घागर देवापुढे आणली. सवयीनं फडकं चार पदरी केलं आणि पाणी गाळलं. फडकं उलटून पाहिलं. कोरं. एक कण नव्हता त्यावर. तिनं पुन्हा एकदा पाहिलं आणि मग त्याच फडक्यानं डोळे टिपले. “पाह्य भाया,” म्हणाली. त्या दिवशी देवाशी तिचं एवढंच बोलणं झालं.

विहिरीच्या कठड्यावर ओल्या सिमेंटमध्ये गवंड्यानं खिळ्यानं लिहिलं, ‘सोनी तांडा’. मग तलाठ्याच्या दप्तरात तेच, शाळेच्या पटावर तेच. पुढे सडकेनं दिग्रसची एस. टी. सुरू झाली तेव्हा फाट्यावरच्या पाटीवरही तेच आलं.

अडुसष्टच्या दिवाळीत मानीबाई माहेराहून परत येत होती. गाडी गच्च भरलेली. कंडक्टर तिकिटांची पेटी वाजवत आला.

“कुठं उतरायचं, याडी?” लमाणी बोलीत आईला याडी म्हणतात, एवढं त्यालाही माहीत होतं.

“सोनी तांडा!” मानीबाई अशी ठणकावून बोलली की पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहायला लागली.

“हळू बोला की, बहिरा नाही मी.” कंडक्टर तिकीट फाडत हसला. “बाकी तांड्यांना नायकांची नावं. ही सोनी कोण हो, कुठली राणी?”

मानीबाईनं शेजारी खिडकीला नाक लावून बसलेल्या, दोन वेण्या घातलेल्या पोरीच्या पाठीत हलकेच धपाटा घातला.

“हे काय इथं बसली. हिचं अर्धं तिकीट फाडा. आन् दादा, अजून एक पुरं. त्या मागं पागोटंवाले बसले ना, त्याईचं.”

“ते कोण?”

“सोनीचा बाप,” मानीबाई म्हणाली आणि पदर सावरून खिडकीबाहेर पाहू लागली.