टाकीवरची वीज

माझ्या सख्ख्या मेहुण्याने मला फसवलं. दिवसाढवळ्या फसवलं.

मी मुरुडचा हार्डवेअरवाला. हातगाडीवर खिळे विकत विकत दुकान उभं केलेला माणूस. भाव करण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही. (लग्नात मी अंतरपाटाचाही भाव केला, असं बायको सांगते. साफ खोटं! कापड जरा जास्त आहे, एवढंच म्हणालो होतो.)

मेहुणा बसवराज किनवटला मोटारी दुरुस्त करतो. त्याने तिथल्या ओढ्यावर एक छोटं यंत्र बसवलं होतं. वरून पाणी पडायचं, आतलं चाक फिरायचं आणि फुकटात बल्ब लागायचा! ते बघितलं आणि मी तिथेच भाव सुरू केला.

"दाजी, आधी ऐका तर. याला पाणी…"

"पाणी माझ्याकडं लई हाय! गच्चीवर टाकी हाय. तू भाव बोल!"

"बोलतो, पण ते पाणी…"

"भाव!"

त्याने सांगितला, मी निम्म्यावर आणला आणि यंत्र घेऊन घरी आलो.

घाईला कारण होतं. अधिक महिना होता आणि जावई, व्याही धोंडे खायला येणार होते. मागच्या खेपेला जेवताना लाईट गेली, तेव्हा उमरीचे हे व्याही म्हणाले होते, "मुरुडात अंदाजानंच जेवतात जणू!" तो घास माझ्या घशात अजून अडकलेला होता. मी टाकीच्या पाईपला यंत्र जोडलं, त्यातून निघणारं पाणी नालीत सोडलं आणि लाईट जायची वाट बघत बसलो.

संध्याकाळी पानं वाढली आणि लाईट गेली! मी सावकाश उठलो, व्हॉल्व्ह फिरवला. बल्ब लागला!

"घरची वीज हाय, व्याही," मी म्हणालो.

"वा!" व्याह्यांचं तोंड उघडंच राहिलं. माझा घास खाली उतरला.

तेवढ्यात न्हाणीतून जावयाची आरोळी आली. "मामा! पाणी गेलं! तोंडाला साबण हाय!"

"अहो, टाकी रिकामी होऊन राहिली!" बायको ओरडली.

"मग मोटार लाव की!"

"लाईट कुठंय?"

"ही काय, डोक्यावर…" मी वर बोट केलं आणि बल्ब विझला.

अंधारात व्याही शांतपणे म्हणाले, "म्हणजे, टाकी भरायला लाईट पाहिजे, अन् लाईटीला टाकी?"

"हाव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

व्याह्यांनी टोपी काढली, धोतर खोचलं आणि गल्लीतल्या हातपंपावरून बादली भरून आणली.

"अहो, तुम्ही पाहुणे! राहू द्या!"

"पाहुण्याला पान तर दिसू द्या!" म्हणत ते गच्चीवर चढले. बादली टाकीत ओतली की बल्ब लागायचा, सगळे हात ताटावर पडायचे, धोंडा तोंडापर्यंत जायचा आणि पुन्हा अंधार! सगळी गल्ली कट्ट्यावर बसून हसत होती.

"आधी जावयाच्या डोळ्यावर ओता की हो!" बायको खालून ओरडत होती.

मी तडक मेहुण्याला फोन लावला.

"दाजी," तो म्हणाला, "याला वाहतं पाणी लागतं, हेच तर सांगत होतो. तुम्ही बोलूच दिलं न्हाई."

बोलू दिलं नाही! अरे, गिऱ्हाईक ऐकत नसेल तर दुकानदाराने ओरडून सांगायचं असतं! मी भाव निम्म्यावर आणला म्हणून वाक्यही निम्मंच द्यायचं? बसवराजने याचं उत्तर दिलंच पाहिजे, आणि या वेळी पूर्ण वाक्यात!